आधी वजन, मग स्प्रिंग, शेवटी शॉकअप

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली आणि जून २०२३ मध्ये पाच दारांची जिमनी. या दोन गाड्यांनी महाराष्ट्रात एक नवा ग्राहक तयार केला. त्याआधी चिखलात-ओढ्यात गाडी घालणारे म्हणजे जुने जीपवाले आणि जिप्सीवाले. त्यांचे मिस्त्री ठरलेले, भंगारबाजार ठरलेले, आणि गाडीखाली आडवे होऊन पाना फिरवण्याची हौसही अंगात मुरलेली. नवा ग्राहक शोरूममधून गाडी आणतो, पहिल्या पावसाळ्यात दोन-तीन कच्च्या वाटा करतो आणि दिवाळीपर्यंत त्याला गाडी दोन इंच उचलायची असते. टायर मोठे हवे असतात, पुढे लोखंडी बंपर हवा असतो. गॅरेजात पाऊल टाकताच तो विचारतो, शॉकअप कुठल्या कंपनीचे टाकू?

प्रश्नात चूक काही नाही, फक्त त्याची पाळी अजून आलेली नसते. उचललेल्या गाडीसाठी शॉकअप ही सगळ्यांत शेवटी घ्यायची वस्तू आहे. गाडीचे खरे वजन, त्या वजनाला लागणारी स्प्रिंग, चाकाला वर-खाली मिळणारी मोकळीक आणि गाडी प्रत्यक्षात ज्या वाटेने जाणार ती वाट, एवढे ठरले की शॉकअपची निवड बरीचशी आपोआप होते. ते न ठरवता घेतलेला महागातला महाग शॉकअपही वर्षभरात तेल गाळायला लागतो, किंवा बसणाऱ्याची कंबर मोडतो, आणि शिव्या कंपनीला बसतात.

मुळात शॉकअपचे काम काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. गाडीचा भार उचलते ती स्प्रिंग, मग ती वेटोळ्याची असो, पाट्यांची कमान असो, की जुन्या थारच्या पुढच्या बाजूला असायचा तसा टॉर्शन बार. शॉकअप भार उचलत नाही, तो स्प्रिंगच्या हालचालीला अटकाव करतो. आतल्या पिस्टनला छिद्रे असतात आणि त्या छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड. चाक हलले की तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जाते आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन नळीच्या पत्र्यातून बाहेर पडते. ऑफिसच्या दाराला वर लावलेला क्लोझर याच जातीचा: दार हळू ढकलले तर सहज उघडते, धसकन ढकलले तर अडते. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. म्हणून चारही शॉकअप काढले तरी उभी गाडी खाली बसत नाही, चालवली की मात्र डुलायची थांबत नाही.

तेव्हा ‘नुसते शॉकअप टाकून दोन इंच उचलून देतो’ असे कुणी म्हणाले, तर त्याला आणखी काय टाकणार ते विचारावे. थोडासा अपवाद जास्त दाबाच्या गॅसच्या शॉकअपचा. दांडा १४ मिलिमीटर जाड आणि आत २५ बार दाब असेल, तर तो दांडा सुमारे ३९ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. हलक्या गाडीत चार शॉकअपच्या मिळून एवढ्या जोराने ती सेंटिमीटरभर वर येऊ शकते. त्याहून जास्त नाही.

चाक वर येते तेव्हा शॉकअप दाबला जातो, ते कॉम्प्रेशन. दबलेली स्प्रिंग उघडते तेव्हा तो ताणला जातो, ते रिबाउंड. बहुतेक गाड्यांत रिबाउंडचा विरोध कॉम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट असतो, कधी त्याहूनही जास्त. दगडावर चढताना चाकाला पटकन वर जाऊ द्यायचे असते, पण त्या दगडाने दाबलेली स्प्रिंग गाडी वर फेकू पाहते तेव्हा तिला आवरायचे असते. जर्मनीची बिलस्टाइन कंपनी काही शॉकअपसाठी २५५/७० यासारखे आकडे देते, ते हेच. पिस्टनचा वेग सेकंदाला ०.५२ मीटर असताना रिबाउंडचा विरोध २,५५० न्यूटन आणि कॉम्प्रेशनचा ७०० न्यूटन. असे आकडे उघड सांगणाऱ्या कंपन्या कमी आहेत. बाकीच्यांच्या खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले असते, आणि त्यातून नेमके काहीच कळत नाही.

आता वजन. जिप्सी रिकामी असताना टनभर भरते, पाच दारांची जिमनी बाराशे किलोंच्या आसपास, थार पावणेदोन टनांच्या घरात. त्यावर आपण काय चढवतो? लोखंडी बंपर पन्नासेक किलो, साडेनऊ हजार पौंड ओढणारी विंच पोलादी दोरासकट पस्तीस-चाळीस किलो. हे सगळे पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते, म्हणजे पुढच्या स्प्रिंगला ते प्रत्यक्षापेक्षा जास्त जाणवते. मागे वीस लिटर डिझेलचा कॅन सतरा किलो, मोठ्या मापाचे स्पेअर चाक, हत्यारांची पेटी, पाणी. टपावर तंबू चढवला की आणखी पन्नास-साठ किलो, तेही अशा जागी की वळणावर गाडी झुकायला निमित्तच मिळते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा गाडी नेहमीच्या सामानासकट वजनकाट्यावर न्यावी, आधी पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग मागची. ऊस आणि वाळूच्या कृपेने महाराष्ट्रात वजनकाटा जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. शॉकअपवर हजारो रुपये घालवणारा माणूस काट्याची किरकोळ पावती फाडायला मात्र जात नाही.

वजन कळले की स्प्रिंग ठरते, आणि स्प्रिंग ठरली की शॉकअप किती कडक हवा याचा हिशेब मांडता येतो. लागणारा विरोध हा स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचे वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेवढेच ठेवून स्प्रिंग वीस टक्के कडक केली, तर शॉकअपचा विरोध दहा टक्क्यांहूनही कमी वाढवावा लागतो. स्प्रिंग तीस टक्के कडक आणि वजन पंधरा टक्के जास्त, अशी भरलेली गाडी असेल तर बावीस टक्के. म्हणजे ज्याने बंपर-विंच काहीच लावलेले नाही, फक्त दोन इंचांची स्प्रिंग टाकली आहे, त्याला मूळच्यापेक्षा थोडासाच घट्ट शॉकअप लागतो. तो घेऊन येतो ते दुप्पट कडक. मग रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर टुणटुण उडते, चाक जमिनीला धरत नाही, आणि मालक टायरला दोष देतो.

ऑस्ट्रेलियन लोकांनी या बाबतीत शिस्त लावली, हे मान्य केले पाहिजे. तिथे शेकडो किलोमीटर कच्चे रस्ते, अधेमधे पेट्रोल पंप नाही, गाडीत आठवड्याचे सामान. ओल्ड मॅन इमू हे तिथले जुने नाव. आता ते एआरबी कंपनीकडे आहे. त्यांच्या यादीत एकाच गाडीसाठी स्प्रिंगचे वेगवेगळे नंबर असतात: रिकाम्या गाडीला एक, बंपर-विंचवालीला दुसरा, कायम लादलेलीला तिसरा, आणि त्यांच्याशी जुळणारा शॉकअप. आपल्याकडे हे किट मागवताना लोक हटकून सर्वांत जड नंबर मागवतात, कारण वर्षातून एकदा लडाख. उरलेले पन्नास आठवडे गाडी हिंजवडीच्या सिग्नलला उभी असते. निवड त्या पन्नास आठवड्यांच्या वजनावर करावी आणि लडाखला जाताना सामान कमी न्यावे, असे माझे मत आहे.

उंची कशी वाढवली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालून केलेली बॉडी लिफ्ट असेल, तर शॉकअपला हात लावायची गरजच नाही. चाक आणि चासी यांच्यातले अंतर बदललेलेच नसते. कमानीवाल्या गाडीला लांब शॅकल लावले तर शॅकल जितके वाढले त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते, आणि तेवढ्यापुरता शॉकअपचा विचार करावा लागतो.

जिप्सीची गोष्ट न्यारी. तिचे ॲक्सल मुळात कमानींच्या वर बसलेले असतात. ते कमानींच्या खाली घेतले की गाडी एका झटक्यात सुमारे पाच इंच उंच होते. जुन्या जिप्सीवाल्यांचा हा लाडका उद्योग. पण मग मूळचा शॉकअप पुरत नाही, एक तर बराच लांब घ्यावा लागतो किंवा खालची बैठक हलवावी लागते. शिवाय जोर दिला की ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि कमान इंग्रजी एस अक्षरासारखी पिळवटते. काही जण ते शॉकअप कडक करून थांबवायला जातात. ते त्याने थांबत नाही, त्याला वेगळा दांडा लावावा लागतो.

नव्या थारच्या पुढच्या चाकांना, तशाच फॉर्च्युनर किंवा व्ही-क्रॉसच्याही, शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग अशी एकच उभी जोडणी असते. तिला उचलायला बाजारात ‘स्पेसर’ मिळतात. पण या एकाच नावाखाली एकमेकांच्या अगदी उलट वागणाऱ्या दोन वस्तू विकल्या जातात. पहिली चकती संपूर्ण जोडणीच्या वर, चासीच्या बैठकीखाली बसते. जोडणी आडव्या दांड्याच्या मध्याच्या आसपास टेकत असल्याने पंचवीस मिलिमीटरच्या चकतीने चाकाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. इथे शॉकअपची लांबी तीच, पण तो संपूर्ण खाली सरकलेला. चाक लोंबले की जास्त खाली जाते, त्यामुळे सीव्ही जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट जास्त कोनात वाकतात. चाक वर उसळले की बंप स्टॉप गाठायच्या आधीच शॉकअप आतून तळाला टेकतो. म्हणजे रबराने झेलायचा मार शॉकअपचा तळ झेलतो.

दुसरी चकती स्प्रिंग आणि तिच्या ताटलीच्या मध्ये बसते. ती स्प्रिंगला जास्त दाबून ठेवते आणि गाडी उंच होते, पण शॉकअप जिथल्या तिथे. आता उभ्या गाडीतच तो बराचसा ताणलेला असतो, खाली लोंबायला मोकळीक थोडीच उरते. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘ठक्क’ असा धातूचा आवाज येतो, तो बहुतेक वेळा याचाच. पिस्टन वरच्या टोपणाला जाऊन आपटतो. गॅरेजवाला बुश बदलतो, मग लिंक बदलतो, आवाज तसाच. या जोडणीला खरा उपाय एकच, उंचीचा विचार करून बनवलेला लांब शॉकअप आणि त्याला साजेशी स्प्रिंग. आणि उंची दोन इंचांच्या आत ठेवणे.

मागच्या सलग ॲक्सलला, किंवा जिमनीसारख्या दोन्हीकडे सलग ॲक्सल असलेल्या गाडीला, मापे घेणे सोपे आहे, पण एक अख्खी दुपार जाते. गाडी चासीवर घोड्यांवर उभी करायची, स्प्रिंगा काढून ठेवायच्या आणि जॅकने ॲक्सल वर चढवत न्यायचा. बंप स्टॉपचे रबर पुरते दबेपर्यंत. मग एक बाजू वर आणि दुसरी खाली, असेही करून पाहायचे, कारण दगडांत चाके अशीच हलतात. मोठा टायर मडगार्डला कुठे घासतो ते तेव्हाच दिसते. या अवस्थेत शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतले अंतर मोजायचे, मध्यापासून मध्यापर्यंत. मग जॅक हळूहळू खाली. ब्रेकचा होज ताणायला लागला, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट अडायला आला किंवा स्प्रिंग तिच्या ताटलीतून निसटेल असे वाटले की थांबायचे आणि पुन्हा मोजायचे.

समजा, पहिले अंतर ३४० मिलिमीटर आले आणि दुसरे ५६०. याचा अर्थ शॉकअप पूर्ण दाबल्यावर ३४० पेक्षा दहा मिलिमीटर तरी कमी, म्हणजे ३३० भरला पाहिजे, आणि पूर्ण ताणल्यावर ५६० च्या पुढे जाता कामा नये. आता खरी मेख. शॉकअपचा दांडा नळीत मावला पाहिजे आणि बैठका, सील, पिस्टन यांनाही जागा लागते. साध्या शॉकअपमध्ये ही मेलेली लांबी सव्वाशे-दीडशे मिलिमीटर असते. १३० धरली, तर ३३० च्या शॉकअपला दोनशेचीच हालचाल मिळते, म्हणजे पूर्ण ताणल्यावर ५३०. तीस मिलिमीटर कमी पडले. मग निवड करावी लागते. एक तर चाक तीस मिलिमीटर कमी लोंबेल हे स्वीकारायचे. नाहीतर बंप स्टॉप त्याच्या निम्म्याने खाली आणून लांब शॉकअप घ्यायचा. तेव्हा चाक वर जायची जागा कमी होते, पण उचललेल्या गाडीत ती मुळात वाढलेली असते. लांब शॉकअप घेऊन बंप स्टॉप तिथेच सोडणे हा तिसरा मार्ग. तो सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात शॉकअपची बैठक उपटतो.

कोन हीही लक्षात ठेवायची गोष्ट. तिरका बसवलेला शॉकअप चाकाशी पुरेपूर काम करत नाही. उभ्या रेषेपासून तीस अंश कललेला असला तर पाऊण काम, पंचेचाळीस अंश कललेला असला तर निम्मेच. जागा नाही म्हणून बैठक आडवी-तिडवी वेल्ड करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आतल्या रचनेकडे वळू. इथे जाहिरातबाजी सर्वांत जास्त आहे, आणि निवडीवर परिणाम त्या मानाने कमी. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये पिस्टन आतल्या नळीत फिरतो आणि दांडा आत आल्यावर जादा झालेले तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते. तिथे वर थोडा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. खूप वेगाने आणि खूप वेळ हलला की तेल आणि गॅस घुसळून फेस होतो आणि विरोध ढासळतो. एकाच नळीच्या शॉकअपमध्ये तळाला तरंगता पिस्टन घालून जास्त दाबाचा गॅस तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. फेस होत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या पत्र्याला लागून असल्याने लवकर निवते. ही कल्पना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांची. बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीझसाठी ती मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. ऑस्ट्रेलियातल्या काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला. रचना दोन नळ्यांचीच, पण गॅसऐवजी बंद छिद्रांच्या फोमचा पट्टा. त्याला फोम सेल म्हणतात. तेल फेसाळत नाही आणि नळी जाड ठेवता येते.

एका नळीचा तोटा दगडांतच कळतो. बाहेरच्या पत्र्यालाच पिस्टन घासत असल्याने एखाद्या दगडाने नळीला पोचा पाडला की पिस्टन तिथे अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला तसाच पोचा पडला तर बहुधा काही होत नाही. सह्याद्रीत, जिथे गाडी मोठ्या धोंड्यांवरून घसरत उतरते, तिथे मला हा मुद्दा फेसापेक्षा जास्त वजनदार वाटतो.

पिस्टनच्या जाडीबद्दल मात्र विक्रेते सांगतात त्यात तथ्य आहे. ३५ मिलिमीटरच्या पिस्टनपेक्षा ४६ मिलिमीटरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सत्तर टक्क्यांहून जास्त असते, म्हणजे तेवढाच विरोध कमी दाबात मिळतो आणि तेलही जास्त मावते. बाजूला वेगळी बाटली लावलेले शॉकअप याच वाटेवरचे पुढचे पाऊल. बाटलीत गॅस आणि तरंगता पिस्टन जातो, तेल वाढते, थंड होते. पण त्या बाटलीचा आणखी एक फायदा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तरंगत्या पिस्टनची जागा नळीतून बाहेर गेल्याने मेलेली लांबी कमी होते आणि दाबल्यावर तेवढाच राहणारा शॉकअप जास्त हलू शकतो. हळू चालणाऱ्या गाडीला बाटलीचा खरा उपयोग असला तर हाच आहे, कारण थंड करण्यासारखे तिथे काही तापतच नाही.

आणि इथेच वाटेचा प्रश्न येतो. शॉकअपचा कस लागतो तो लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे चांगथांगच्या पठारावर आणि कच्छच्या रणाकडे असे पट्टे मिळतात. दोन लाटांतले अंतर पाऊण मीटर धरले आणि वेग ताशी ६० किलोमीटर, तर चाक सेकंदाला बावीस वेळा वर-खाली होते. तासभर असे चालले की नळीला हात लावता येत नाही. मोठा पिस्टन, एक नळी किंवा फोम सेल, बाटली, यांचे पैसे तिथे वसूल होतात. तरी तिथेही पहिला आणि फुकटचा उपाय टायरमधली हवा उतरवण्याचाच. नरम टायर लाटेचा बराच भाग स्वतः गिळतो आणि शॉकअपपर्यंत कमी पोहोचतो.

मावळात किंवा आंबोलीच्या बाजूला पावसाळ्यात आपण जे करतो, ते याच्या अगदी उलट. पहिला गियर, लो रेंज, चालण्याचा वेग. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ पासून भारतात गोव्याला आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतही चिखल, विंच आणि संयम यांचाच खेळ जास्त असतो. या वेगाला शॉकअप जेमतेम कोमट होतो. इथे हवी ती लांबी, म्हणजे एक चाक खड्ड्यात लोंबले तरी जमिनीला टेकलेले राहील, आणि हवे ते नरम कॉम्प्रेशन. लाल चिखल दांड्यावर सुकून बसतो आणि पुढच्या हालचालीत सीलला कानशीसारखा घासतो. दांड्यावर रबरी बूट असावा की नसावा, यावर दोन तट आहेत: बूट दगडापासून वाचवतो, पण आत गेलेला चिखल धरून ठेवतो. मी बूट लावण्याच्या बाजूचा आहे, मात्र प्रत्येक फेरीनंतर तो वर सारून पाण्याची धार मारायची असेल तरच.

बाहेरून फिरवायच्या बटणांबद्दल थोडक्यात. कोनीच्या काही शॉकअपचा विरोध वाढवायला शॉकअप सोडवून, पूर्ण दाबून फिरवावा लागतो. म्हणजे ती दर काही वर्षांनी झीज भरून काढायची सोय आहे. रँचो किंवा टफ डॉगच्या नऊ घरांच्या बटणांचा उपयोग रिकामी आणि भरलेली गाडी अशी अदलाबदल करणाऱ्याला नक्की होतो. बाकीचे लोक पहिल्या आठवड्यात सगळी घरे फिरवून बघतात आणि नंतर बटण गंजून जागेवर बसते.

आपला स्वतःचा जुना मार्ग म्हणजे दुसऱ्या गाडीचा शॉकअप. जिप्सीला कुठल्या तरी पिकअपचा, जीपला टेम्पोचा. याला नाक मुरडायचे कारण नाही. १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झालेल्या, शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्यांचा माल देशभर मिळतो, स्वस्त असतो आणि बिघडला तर तालुक्यातही बदलता येतो. मापे आणि बैठक जुळली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे असे की तो शॉकअप दीड टन माल वाहणाऱ्या मागच्या कमानींसाठी बनवलेला असतो आणि टनभराच्या गाडीत तो दबतच नाही. हलक्या गाडीचा लांब शॉकअप शोधणे हे कसबी मिस्त्रीचे काम. तो खोके न बघता शॉकअप उभा धरून हाताने दाबतो, सोडतो, किती वेळात वर येतो ते पाहतो, मग नाही म्हणून मान हलवतो.

काही दुखणी शॉकअपची नसतातच. सलग पुढचा ॲक्सल असलेली गाडी उचलल्यावर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागते, कधी इतके की गाडी थांबवावी लागते. उचलल्यामुळे ॲक्सल किंचित फिरलेला असतो आणि कॅस्टरचा कोन कमी झालेला असतो. झिजलेले बुश, ट्रॅक रॉडचा सैल बोल्ट, टायरचा तोल हेही सामील असतात. दुकानदार जाड स्टिअरिंग डॅम्पर विकतो. थडथड काही महिने दबते आणि झीज आतल्या आत वाढत राहते. आधी कोन आणि बुश, मग डॅम्पर.

कायद्याचेही एकदा सांगायला हवे, कारण किट विकणारा ते सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ मापाचा दुसऱ्या बनावटीचा शॉकअप टाकणे आणि गाडीची उंची, टायर, बंपर सगळेच बदलणे यांत फरक आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस तो फरक बारकाईने बघतो.

बसवण्याच्या दिवशीच्या दोन गोष्टी. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू नयेत. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट नुसते बसवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून हलवावी, मग आवळावे. आणि दांडा उघडा असेल तर त्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधून नळीच्या तोंडाशी सरकवून ठेवावी. नेहमीची वाट करून आल्यावर ती दांड्यावर कुठवर सरकली आहे ते बघावे. टोकाशी पोहोचली असेल तर बंप स्टॉप कामच करत नाही. मधेच राहिली असेल तर स्प्रिंग किंवा शॉकअप गरजेपेक्षा कडक आहे. लाटांच्या रस्त्यावर थांबलात तर चारही नळ्यांजवळ हात नेऊन पाहावे: तीन गरम आणि एक थंड असेल, तर थंड असलेला शॉकअप मेलेला आहे आणि त्याच्या जोडीदारासकट बदलायचा आहे.